डावीकडून सातवा, अनोळखी मुलगा

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी मी माझ्या बहिणीचा निळा कोट ब्रशने झाडून दिला. तिचे खांदे आता आखडले आहेत, पाठीपर्यंत तिचा हात पोचत नाही. आदल्या दिवशी केस कुरळे करून घेऊन ती माझ्याकडे मुक्कामाला आली होती आणि आता माझ्या आरशासमोर ती टोपी पुन्हा पुन्हा फिरवून बसवत होती.

"कशी दिसते रे?"

"महापौराच्या बायकोसारखी."

"देवा, तिच्यापेक्षा जरा बरी दिसू दे," ती म्हणाली.

आम्ही बसने हॅल्डन जंक्शनला गेलो. स्टेशनच्या जुन्या प्रतीक्षालयात त्या दिवशी एका मोठ्या फोटोचे अनावरण होते. फोटो १९५९ सालचा. तीन नंबरच्या फलाटाच्या टोकाला इंजिनांचे नंबर टिपायला जमलेली आम्ही नऊ पोरे, आणि मागे वाफ सोडत उभे असलेले इंजिन. फोटोची ओकची चौकट मी केली, मजुरी न घेता. तिच्यात फोटो आणि नावांची पितळी पट्टी मात्र जंक्शनच्या रेल्वेस्नेही मंडळाने नंतर परस्पर बसवून घेतली. ती पट्टी मी तोवर पाहिली नव्हती.

पडदा सरकला आणि मंडळाचे अध्यक्ष श्री. नेव्हिल क्रॅब्ट्री यांनी गळ्यातला बिल्ला सावरत नावे मोठ्याने वाचली. सहावे नाव त्यांचे स्वतःचे. मग "डावीकडून सातवा, अनोळखी मुलगा." आठवे नाव माझे.

सातवा मुलगा माझ्या शेजारी निळा कोट घालून उभा होता. तो मुलगा म्हणजे डोरीन.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मुलगा तरी म्हणाले. बाकडं म्हणाले असते तर?" परतीच्या बसमध्ये तिने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या प्रत्येक कलमाचे मूळ त्या सकाळी आहे, म्हणून हे आधी लिहिले. माझ्या वकील मिस पिकर्सगिल म्हणतात की मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नसतात. तर आता रीतसर करतो.

मी, स्टॅन्ली ऑल्डक्रॉफ्ट, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, शिक्षण वेदर्बेक गावच्या शाळेत झाले तेवढेच, धर्माने त्याच गावच्या चॅपलचा सभासद, राहणार वेदर्बेकच्या रेल्वे फाटकाजवळ, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप मात्र ठिकाणावर नाही. ती या महिन्याअखेर डॉक्टर बदलणार आहेत. ते म्हणतात काळजीचे कारण नाही, आणि तरी त्यांनीच विचारले की कागदपत्रे करून ठेवली आहेत का. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. रागात लिहितो आहे हे खरे. मिस पिकर्सगिल यांनी खात्री करून सांगितले की रागात लिहिलेले मृत्युपत्रही कायद्याला चालते.

कलम १. यापूर्वी आठ वर्षांमागे केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी माझे घर, माझा सगळा रेल्वेचा संग्रह आणि शिल्लक हॅल्डन जंक्शन रेल्वेस्नेही मंडळाला देऊ केली होती, संग्रहालय करण्यासाठी. मंडळाला आता यातला खिळाही मिळू नये. त्यांनी जुन्या मृत्युपत्राची प्रत जपून ठेवली असेल, तर चौकटीत लावावी. चौकट त्यांनी दुसऱ्याकडून करून घ्यावी.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस पिकर्सगिल यांनी करावी. त्यांना इंजिनांतले काही कळत नाही, आणि सध्या मला तशीच माणसे बरी वाटतात.

कलम ३. माझी हत्यारे. रंधे, पटाशा, करवती, कामाचे टेबल आणि दोन्ही शिकंजे आयव्हर लम याला द्यावेत. आयव्हर आणि मी चॅपलच्या बाकांची दुरुस्ती वर्षानुवर्षे मिळून करत आलो. त्याने नेलेली वस्तू परत येत नाही, तेव्हा माझी बारीक दातांची करवत आधीच त्याच्याकडे आहे असे समजावे. पटाश्यांना धार तो फार उभी लावतो. हे त्याला मी तोंडावर सांगितले आहे, आता लेखीही सांगतो.

कलम ४. पोस्टात जे काही असेल त्यातून दफनाचा खर्च भागवावा, चॅपलच्या छपराची उत्तरेकडची बाजू नीट करून घ्यावी आणि उरेल ते डोरीनला द्यावे. तिने ते चॅपलला परत देऊ नये. ती देईल, म्हणून लिहिले.

कलम ५. संग्रह. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण हा कसला नाद होता हे आजकाल फक्त मंडळाकडून कळते, आणि मंडळ ते कपांवर आणि भांडी पुसायच्या फडक्यांवर छापून विकते. कपावर एक गुबगुबीत मुलगा आहे, गाल लाल, हातात झेंडा. आमच्यापैकी कोणाच्या हातात झेंडा नव्हता. आमच्या हातात पेन्सिल असायची आणि नाक वाहत असायचे.

आम्ही टपालाच्या ढकलगाड्यांवर बसायचो. खाली लोखंड गार, वरून धुराची काजळी. डोळ्यात कोळशाचा कण गेला की डोरीन रुमालाचे टोक जिभेवर ओले करून तो काढायची. चरबी लावलेला पाव आणि सगळ्यांत मिळून एक लेमोनेडची बाटली. दूरवर सिग्नलचा हात खाली पडला की बोलणे बंद व्हायचे. गाडी न थांबता जाणारी असेल तर आधी पायांखालचा फलाट थरथरायचा, मग सगळे काही पांढऱ्या वाफेत बुडायचे आणि त्या वाफेतून नंबर शोधायचा. तो पूर्वी न पाहिलेला असला की ओरडायचे, "मिळालं!" घरी जाऊन पुस्तकात त्या नंबराखाली पट्टीने रेघ मारायची. मी आयुष्यात पुष्कळ प्रार्थना केल्या आहेत, पण वाफ विरायची वाट पाहताना जसा श्वास रोखला जायचा, तसा चॅपलमध्ये क्वचितच रोखला गेला. देव मला क्षमा करो, ते त्याला आधीच ठाऊक आहे.

आमच्यात नियम एकच होता: पाहिलं तरच रेघ. कोणाच्या भावाने पाहिले, कोणी सांगितले, आवाज आला, असले काही चालत नसे. मोठी माणसे कशीही वागोत, फलाटाच्या त्या टोकाला खोटी रेघ मारणारा पोरगा म्हणजे चोर.

आणि आमच्यातली सर्वांत पक्की टिपणारी होती डोरीन, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मुलींना फलाटाच्या टोकाला जाऊ देत नसत. त्यांनी प्रतीक्षालयात बसायचे. म्हणून ती माझी शाळेची टोपी घालून यायची, केस आत कोंबून. पोरांना ठाऊक होते. फलाटाच्या मुकादमालाही ठाऊक होते. तो तिला "ए सोन्या, रेघेच्या मागे हो!" असे ओरडायचा आणि आमच्याकडे बघून मिशीत हसायचा. ती गाडी बघण्याआधी ऐकायची. मान तिरकी करून सांगायची, "मालगाडी. दमलीय. उजवीकडून हवा गळतेय." आणि गाडी आली की खरोखर उजवीकडून वाफ गळत असायची. फोटोतही तिची मान तिरकीच आहे.

एका उन्हाळ्यात आमच्या भागात कधीच न येणारे एक इंजिन आले. आम्ही सगळे मुख्य मार्गाकडे तोंड करून बसलो होतो. डोरीनने कान टवकारले आणि ती उलट्या दिशेला, पाण्याच्या टाकीमागे, धावत सुटली. "इकडे! मागच्या रुळावर!" आम्ही तिच्यामागे पळालो आणि आम्हाला ते दिसले. नेव्हिल तेव्हा चॉकलेटच्या यंत्रात नाणे अडकले म्हणून यंत्राला लाथा घालत होता. तो आला तेव्हा इंजिन गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुस्तकात त्या नंबराखाली रेघ होती, शाईची.

डोरीन सर्वांसमोर म्हणाली, "तू कधी पाहिलंस रे?"

"पाहिलं. पाठमोरं."

"पाठीवर काय लिहिलं होतं मग? चॉकलेट?"

पोरे इतकी हसली की नेव्हिलला तो उन्हाळा आमच्यापासून दूर, एकट्याने बसून काढावा लागला. शाईची रेघ पुसता येत नाही. ती गोष्ट आम्ही बाकीचे विसरलो. तो विसरला नाही असे मला आता वाटते. तसे नसेल तर फक्त मूर्खपणा उरतो, आणि नेव्हिल मूर्ख नाही.

डोरीन पंधराची झाली तेव्हा आई म्हणाली, "पुरे झालं टोपी घालून भटकणं." पुढच्या सोमवारपासून ती बिस्किटांच्या कारखान्यात जाऊ लागली. तिचे नंबरांचे पुस्तक आईने चॅपलच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत दिले. कोणी तरी ते घेतले, आणि माझा राग त्याच्यावर नाही. फलाटावर मी पुढेही अनेक वर्षे जात राहिलो. मुलगा होतो, मला कोणी थांबवले नाही.

म्हणून संग्रहाची व्यवस्था अशी: कंदील, नंबरांच्या पाट्या, माझी पुस्तके, सगळे डोरीनला. तिने ठेवावे, विकावे, नाही तर शेगडीत घालावे.

कलम ६. फोटोखालच्या नावांबाबत. अनावरणानंतरच्या मंगळवारी मी मंडळाच्या सभेत गेलो. जे झाले ते आठवते तसे लिहितो.

मी म्हणालो, "सातवा मुलगा माझी बहीण आहे. पट्टी बदला."

नेव्हिल म्हणाला, "स्टॅन, लेका, तुझ्या भावना समजतात मला. पण आपलं नाव आहे चार लोकांत. उद्या कोणीही येऊन म्हणेल, ही माझी मावशी."

"तुझी मावशी कशाला असेल? माझी बहीण आहे. तुझं कोपर तिच्या बरगडीत आहे, बघ की नीट."

"एक मुलगी यायची खरी, अंधुक आठवतं. तुझा डबा घेऊन यायची ना?"

"डबा माझा असायचा आणि खायची ती!"

कोणी तरी हसले. नेव्हिल हसला नाही. "लेखी काही आहे का? तिचं पुस्तक? पुराव्याशिवाय नाव नाही, हा नियम आपण सगळ्यांनीच केलाय. तूही हात वर केला होतास."

"नऊजणांतले दोघे देवाघरी आहेत, एक कॅनडात. बाकीच्यांना विचार."

"विचारलं. नक्की आठवत नाही म्हणतात."

"आणि तुला?"

तो कागद सारखे करत म्हणाला, "मी अध्यक्ष आहे, स्टॅन. माझ्या आठवणीचा प्रश्न येत नाही."

मग त्यांनी पुढचा विषय घेतला. फोटोतल्या इंजिनामागे जी कोळशाची गाडी आहे, तिची बाजू सपाट की फुगीर? वाफेमुळे तिचा वीतभर भागच दिसतो. यावर याआधी दोन सभा झाल्या होत्या आणि ही तिसरी. भिंग आणले गेले. रिबिटांची ओळ, धुराड्याची कडा, दिव्याची जागा यांवरून त्यांनी इंजिन कोणते, कोणत्या शेडचे, आणि कोणत्या महिन्यात रंगवून आले होते ते सांगितले. पैज लावून सांगतो, ते बरोबरच असणार. या माणसांना वीतभर लोखंडावरून सगळे ओळखता येते. त्याच फोटोत, पुढे, भर उन्हात उभी असलेली, त्यांना पाव वाटून देणारी, त्यांच्या डोळ्यांतले कण काढणारी मुलगी ओळखता येत नाही. मी टोपी घातली आणि निघालो. भिंगावरून कोणी वर पाहिले नाही.

पाहिलं तरच रेघ, हे खरे. पण त्या नियमाची दुसरी बाजू आम्ही पोरांनी कधी बोलून दाखवली नाही, कारण तशी वेळच आली नव्हती. पाहिले असेल तर रेघ मारलीच पाहिजे. नेव्हिल क्रॅब्ट्री, तू तिला पाहिलेस. शाईची खोटी रेघ मी तुला केव्हाच माफ केली होती. ही न मारलेली रेघ मला माफ करता येत नाही. आमचे पाद्री दर रविवारी क्षमेबद्दल सांगतात. मी खरोखर गुडघे टेकून क्षमा करतो आणि सोमवारी रंधा हातात घेतला की राग पुन्हा तिथेच असतो, लाकडातल्या गाठीसारखा. परमेश्वराने तो काढायचा ठरवला तर काढील. मी ओढून पाहिला, निघत नाही.

चौकट मी भेट दिली, ती परत मागणार नाही. परंतु त्या पट्टीवरील आठव्या नावास माझी हरकत आहे. मंडळाच्या नियमाप्रमाणे, तो आठवा मुलगा मीच याचाही लेखी पुरावा मंडळाकडे नाही. माझ्याच सांगण्यावर त्यांनी माझे नाव लिहिले. मी ते सांगणे याद्वारे मागे घेतो. माझे नाव काढून तिथेही "अनोळखी मुलगा" असे कोरावे. पट्टीचा खर्च माझ्या शिलकीतून द्यावा. मंडळाला लागणारा तेवढा एक खर्च मी आनंदाने करीन.

कलम ७. दफन. वेदर्बेक चॅपलमध्ये, साधे. शवपेटी पाइनची चालेल, ओक वाया घालवू नये. मंडळाचा झेंडा, बिल्ले आणि टाय नकोत. शिट्टी वाजवून निरोप देण्याची मंडळाची पद्धत आहे. माझ्या वेळी कोणी शिट्टी फुंकली तर आयव्हरने ती काढून घ्यावी आणि नेहमीप्रमाणे परत देऊ नये. नेव्हिल आला तर त्याला मागच्या बाकावर जागा द्यावी, चहा आणि हॅमचे सँडविच द्यावे. ख्रिस्ती माणसे आहोत. बोलू मात्र देऊ नये. बायबलमधले वचन डोरीनने वाचावे, कोणते ते तिने ठरवावे.

कलम ८. घर. फाटक आपोआप चालू लागल्यावर रेल्वेने फाटकवाल्याचे हे घर विकायला काढले आणि मी ते घेतले. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून रूळ हाताच्या अंतरावर वाटावेत इतके जवळ आहेत. डोरीन मात्र नवरा गेल्यापासून हॅल्डनला तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत राहत होती. लिफ्ट बंद, गुडघे बंद, समोर गॅस कारखान्याची भिंत.

या कलमात प्रथम मी लिहिले होते की माझ्या पश्चात घर डोरीनला मिळावे. ते वाचून दाखवायला मी तिच्याकडे गेलो. वाटले, डोळ्यांत पाणी येईल तिच्या. ती बटाटे सोलत होती. सोलणे न थांबवता तिने ऐकले.

"म्हणजे तू मेलास की मला खिडकी."

"अगं, तसं नाही..."

"तसंच लिहिलंयस की. आणि तू नाही मेलास तर? डॉक्टरांनी चांगली झडप बसवली तर मी काय, त्यांच्या नावानं बोटं मोडू?"

"डोरीन!"

"डोरीन काय? त्यांनी फोटोत जागा दिली नाही म्हणून तू महिनाभर फणफणतोयस. आणि तू देतोयस ती जागा कधीची? मी सत्तरीची झाल्यावरची? मला गाड्या ऐकायच्यात, स्टॅन. अजून कान आहेत तोवर."

मी चहा न पिता उठलो. रागावूनच उठलो होतो, पण जिना उतरता उतरता राग कोणावर आहे ते मला सापडेना. नेव्हिलवर होता तो आहे तसाच होता. तिच्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मिस पिकर्सगिल यांच्याकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "मिस्टर ऑल्डक्रॉफ्ट, जिवंतपणी घर देऊन टाकायचं म्हणजे विचार करा. उद्या बहिणीनं बाहेर काढलं तर?"

"तर बाहेर जाईन."

"आणि ऑपरेशन नीट झालं, वीस वर्षं जगलात तर?"

"तर वीस वर्षं तिचा भाडेकरू."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, मग कागद पुढे ओढले.

सबब या कलमान्वये देण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेले नाही. वेदर्बेक फाटकाजवळचे घर, मागची बाग आणि माझी कामाची शेड यांसह, गेल्या गुरुवारपासून कायद्याने श्रीमती डोरीन फर्थ यांच्या मालकीचे आहे. शनिवारी आयव्हरच्या गाडीतून तिचे सामान आले. ती राहायला आली, चहा ठेवला, खिडकीशी माझ्या खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "सरक, उजेड अडवतोयस." मी सरकलो.

हे लिहिलेले मी पुन्हा वाचले, एकही शब्द मागे घेण्यासारखा वाटला नाही, म्हणून खाली सही करतो.

स्टॅन्ली ऑल्डक्रॉफ्ट

त्यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केली. आम्हा दोघांना या कागदाने काही मिळत नाही. ज्यांना मिळते त्यांच्यापैकी श्री. आयव्हर लम सही होईपर्यंत बागेत थांबले होते.

साक्षीदार:
१. एडना ब्रॉडबेंट, वेदर्बेक चॅपलच्या ऑर्गनवादक
२. सिरिल मेटकाफ, निवृत्त सिग्नलवाले

ठिकाण: वेदर्बेक, श्रीमती डोरीन फर्थ यांचे स्वयंपाकघर
तारीख: १९ मे १९९७